‘थोडं सरकून घ्या’च्या मुलखात

आमच्या अमरावतीत कोणी बाहेरगावी जाऊन आलं की शेजारीपाजारी दोनच गोष्टी विचारतात. काय पाहिलं आणि काय आणलं. यंदाच्या जानेवारीत मी मीरा-भाईंदरला धाकट्या बहिणीकडे, शोभाकडे, राहून आले, तेव्हा पहिल्या प्रश्नाला ‘मिठागरं आणि गाद्यांचं गोदाम’ असं उत्तर दिलं, आणि दुसऱ्याला ‘सुकट’. दोन्ही उत्तरं कोणाला पटली नाहीत. मीरा-भाईंदरला बघायला म्हणून कोणी जात नाही, हे मलाही मान्य आहे. तिथे लोक राहायला जातात, कारण मुंबईतली जागा परवडत नाही. पण मी मुलींची मेस चालवण्यात आयुष्य काढलेली बाई. डोंगर-देवळांपेक्षा मला माणसं जेवताना आणि भांडताना बघायला जास्त आवडतात, आणि त्या दोन्हींची तिथे चंगळ आहे.

जाण्याला कारण मात्र होतं. माझी भाची मृणाल, म्हणजे आमची मिनू, एका बँडमध्ये गाते आणि गिटार वाजवते. बँडचं नाव ‘थोडं सरकून घ्या’. तिकडे शेअर रिक्षात मागे तीन माणसं कोंबतात, आणि तिसरं माणूस आत शिरताना रिक्षावाला आधीच्या दोघांना जे म्हणतो, ते हे वाक्य. पोरांना गंमत वाटली, त्यांनी नाव ठेवलं, त्याच नावाचं गाणं केलं, आणि ते मोबाइलवर थोडंफार फिरलंही.

मग गेल्या वर्षी भाईंदरच्या जुन्या वस्तीत एका इमारतीचा स्लॅब कोसळला. त्यात बाळाराम नावाचे एक रिक्षावाले गेले. बाकीची कुटुंबं नेसत्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली, आणि आजूबाजूच्या चाळींतल्या लोकांनी त्यांना आपापल्या खोल्यांत घेतलं. एकेका खोलीत दोन-दोन संसार मांडले गेले. कोणीतरी त्या दिवसांचे फोटो मिनूच्या गाण्यावर लावले आणि बँडचं नाव घरोघरी पोचलं. त्यात हे शब्द बाळाराम स्वतः रोज म्हणायचे, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. झालं. पोरांनी त्यांच्या आठवणीसाठी हे नाव घेतलं, असं लोकांनी ठरवूनच टाकलं.

आता वर्ष होत आलं होतं. रहिवाशांनी आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता, त्यात या पोरांचं गाणं होतं, बॅनर छापायला जायचा होता. आणि मिनू म्हणत होती, नाव बदला, नाहीतर मी गाणार नाही. “तू ये आणि तिला समजाव,” शोभा फोनवर म्हणाली. “तुझं ऐकते ती.” माझं कोणी ऐकत नाही हे शोभाला पक्कं माहीत आहे. पण तिकीट काढून झालं होतं, तेव्हा मी बॅग भरली.

काशीमीरा

अमरावतीची ट्रॅव्हल्स मला सकाळी हायवेवर काशीमीऱ्याला उतरवून पुढे गेली. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, वर शाल, अशी मी जय्यत तयारीत, आणि समोर सगळं जग अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. इथे मला रस्ता ओलांडेपर्यंत घाम फुटला.

शोभाचे यजमान विलासराव स्कूटर घेऊन उभे होते. हे मूळचे रत्नागिरीचे, काशीमीऱ्यातच एका औषधांच्या गोदामात सुपरवायझर. माणूस गोड, पण दोन वाक्यांच्या मधे भरपूर थांबतो. हायवेला उभं राहिल्यावर मला त्याचं कारण कळलं. ट्रक जात असताना बोललेलं कोणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे काम करणारे सगळेच ट्रक जाऊ देऊन बोलतात. ती सवय घरीसुद्धा सुटत नसावी.

“ताई, थंडी आहे ना आज,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

गॅरेजांच्या रांगेतल्या एका हॉटेलात त्यांनी मला इडली खायला घातली. सांबार गोड होतं. वऱ्हाडातल्या माणसाला सांबारात गूळ म्हणजे फसवणूकच वाटते, पण पाहुणी होते म्हणून गप्प बसले. दुसरा चहा आल्यावर विलासराव मूळ मुद्द्यावर आले. “आता कुठे पोरांचं नाव होतंय ताई. लोक बोलावतायत. आणि ही म्हणते, नावच नको. कारण विचारलं की उठून जाते.”

मी म्हटलं, बघते. मनात म्हटलं, आजकालच्या पोरांना कशाचाही त्रास होतो. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मला माझं मत बदलावं लागलं.

इंद्रलोक

शोभा भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहते. नाव ऐकून कोणाला अप्सरा वगैरे आठवतील, तर तसं काही नाही. उंच इमारती, खाली दुकानं, आणि प्रत्येक ग्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे. सगळ्या इमारतींना रंगही एकाच डब्यातला दिल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मी कोथिंबीर आणायला म्हणून उतरले, परत आले, लिफ्टने वर गेले, उघड्या दारातून आत शिरले आणि चपला काढून थेट स्वयंपाकघरात जाऊन पिशवी ओट्यावर ठेवली. ओट्याशी एक अनोळखी गुजराती बाई पोळ्या लाटत होत्या.

आमच्या अमरावतीत असं झालं असतं तर आधी आरडाओरडा झाला असता. या बाईंनी शांतपणे गॅस बारीक केला, मला पाणी दिलं, “बैठो बा, बैठो,” म्हणाल्या, आणि ताटलीत खाकरा व कैरीचा गोड छुंदा ठेवला. मी खाऊन संपवल्यावर मग विचारलं, “किसके यहाँ आए हो?” मी शोभाचं नाव सांगितलं. “वो तो बाजूवाली बिल्डिंग,” त्या म्हणाल्या. “हमारे यहाँ हर हफ्ते कोई न कोई आ जाता है.” मला खालपर्यंत सोडायला आल्या आणि वाटेत माझ्याकडून वऱ्हाडी ठेच्याची कृतीही काढून घेतली. शोभा त्या इमारतीशेजारी कितीतरी वर्षं राहते, पण तिला या बाईंचं नाव माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं, एकदा चुकून जाऊन बघ.

मिनू संध्याकाळी लॅबमधून आली. मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रिपोर्ट टाइप करते. शोभाने माझ्यासाठी म्हणून करली माशाचं तिखलं केलं होतं. काटे काढता काढता माझा जीव मेटाकुटीला आला, विलासराव मात्र त्याच वेळात तीन तुकडे साफ करून बसले. मिनू समोर बसून भात गिळत होती. मेसमध्ये मी हजारभर मुली जेवताना पाहिल्या असतील. नुसता त्रास झालेली मुलगी जेवत नाही. जिच्या पोटात काही लपवलेलं असतं ती पटापट गिळते आणि ताट घेऊन उठते. मिनू पटापट गिळून उठली.

मीरा रोड

बँडमधला ड्रम वाजवणारा फैजान. त्याच्या वडिलांचं मीरा रोडला गाद्यांचं दुकान आहे आणि दुकानामागे गोदाम. ही मुलं तिथे सराव करतात. मला आधी हसू आलं, मग कळलं की यांच्याइतकी शहाणी मुलं नाहीत. चारी भिंतींना गाद्या उभ्या लावल्या की ड्रमचा आवाज बाहेर जात नाही. इंद्रलोकात सराव केला असता तर सोसायटीने केव्हाच पोलीस बोलावले असते.

तिथे जायला शेअर रिक्षा केली. माझा देह मेसवालीला शोभेल असाच आहे. मी आत शिरल्याबरोबर रिक्षावाल्याने मागे न बघताच “थोडं सरकून घ्या” म्हटलं, आणि मिनूने मान वळवून बाहेर पाहिलं. त्या आठवड्यात मी जितक्या वेळा रिक्षात बसले, तितक्या वेळा ते वाक्य ऐकलं आणि तितक्या वेळा तिने बाहेर पाहिलं.

गोदामात फैजानने मला बसायला गाद्यांची थप्पी दिली. “मौसी, इधर बैठो, एकदम आराम,” म्हणाला. आराम इतका की मी आत रुतले आणि दोन गाणी होईपर्यंत मला उठताच येईना. गाणी मला कळली असं म्हणणार नाही. पण मिनूचा आवाज तिच्या आजीसारखा आहे, खालच्या पट्टीत भरदार, आणि तो त्या कापसाच्या वासात ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका चांगला आवाज असलेली मुलगी गाणं सोडायचं म्हणते, याचा मला राग आला.

सराव संपल्यावर बँडमधले बाकीचे दोघे घरी गेले आणि फैजान चहा सांगायला गेला. मी थप्पीवर अडकलेलीच होते, म्हणजे मिनूला पळता येत होतं आणि मला नाही. तरी ती थांबली. मी सरळ आमच्या बोलीत विचारलं, “काय गिळून राहिली तू पोटात?”

ती माझ्याशेजारी बसली, आणि आम्ही दोघी आणखी खाली गेलो.

“मावशी, लोक म्हणतात ते खोटं आहे,” ती म्हणाली. “बाळारामकाका जायच्या कितीतरी आधी नाव घेतलं आम्ही. आणि आठवण वगैरे नाही. आम्ही त्यांची टिंगल करायचो.”

मग तिने सगळं सांगितलं. कॉलेजात असताना ही मुलं स्टेशनवरून बाळारामच्या रिक्षातून जायची. बाळाराम महा चिडका माणूस. माणसं आत बसली की मान मागे वळवून एका दमात तीन भाषांत ओरडायचे, “थोडं सरकून घ्या, थोडा सरक जाओ, जरा खसो ने!” मिनूची गिटार दिसली की जास्तच भडकायचे, म्हणायचे, ते लाकूड मांडीवर घे. ही पोरं खाली उतरली की पोट धरून हसायची आणि कोण हुबेहूब नक्कल करतं याची पैज लावायची. मिनू सगळ्यात चांगली करायची. त्या नकलेवरून नाव आलं, त्या नकलेवरून गाणं आलं.

“आणि आता त्यांच्या फोटोशेजारी आमचं नाव लावणार,” मिनू म्हणाली. “त्यांची बायको पुढच्या रांगेत बसणार. ती आमच्या हाताला हात लावून थँक्यू म्हणेल. मी नाही सहन करू शकत. बँडमधले बाकीचे तिघं म्हणतात, कोणाला कळतंय, लोक खूश आहेत ना. मला कळतंय ना.”

मी काशीमीऱ्याला जे मनात म्हटलं होतं ते मागे घेतलं. नाव बदललं असतं तरी प्रश्न सुटत नव्हता, एवढं मला दिसत होतं. नाव बदललं की लोक कारण विचारणार, आणि मग आणखी एक खोटं. “सांगून टाक ना मग तिले,” मी म्हटलं. “त्या बाईले. कार्यक्रमाच्या आधी.”

“तिने हाकलून दिलं तर?”

“तं बाहेर येऊ. मी असतो ना संगं.”

एवढ्यात फैजान चहा घेऊन आला, आणि त्याने व दुकानातल्या एका माणसाने मिळून मला वर काढलं.

राई

बाळारामच्या बायकोचं नाव कुंदा. इमारत गेल्यापासून ती राई गावात भावाकडे राहते. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. स्टेशनजवळचा गजबजाट मागे पडला की दोन्ही बाजूंना एकदम उघडं होतं. मिठागरं मी पहिल्यांदाच पाहिली. जमिनीचे चौकोन आखून त्यात समुद्राचं पाणी अडवलेलं, कडेला मिठाचे ढीग. आमच्याकडे शेतात पाणी साचलं तर शेतकरी डोक्याला हात लावतो. इथे पाणी साचवून वाळवणं हीच शेती. मला तिथे उतरून चिमूटभर मीठ तोंडात टाकायचं होतं, पण मिनूचा चेहरा बघून रिक्षा थांबवली नाही.

कुंदा अंगणात जवळा पाखडत होती. सुकवलेला हा बारीक मासळीचा प्रकार, वास असा की मी पदर नाकाशी नेता नेता थांबवला. बाई पन्नाशीची, उन्हाने रापलेली, हात चलाख. तिने आम्हाला बघून सूप खाली ठेवलं नाही, नुसतं मानेने खाटेकडे दाखवलं. “बस बाय. ताई, तुमी पन बसा.” आत भिंतीवर बाळारामचा फोटो दिसत होता, हार घातलेला. खाली पाटावर शाली रचून ठेवलेल्या, अजून प्लॅस्टिकमधल्या.

“तू ती गानारी ना?” कुंदाने विचारलं. “कार्यक्रमाचा अध्यक्ष बोलला मना. लई चांगला काम केलाव तुमी पोरांनी.”

मी मिनूला कोपराने ढोसलं. या बाईने तोंड फिरवलं असतं तर पोरीने पुन्हा गिटारला हात लावला नसता, हे मी ओळखून होते.

“काकी, मला एक सांगायचंय,” मिनू म्हणाली. “ते नाव आम्ही काकांच्या आठवणीत नाही घेतलं. आधीच घेतलं होतं. त्यांची मस्करी करायला. ते तीन भाषांत ओरडायचे ना, त्याची आम्ही नक्कल करायचो. हसायचो त्यांना.”

सूप थांबलं. आतून भाकरी थापायचा आवाज येत होता, तेवढाच.

“कशी करायचीस?” कुंदा म्हणाली.

“काय?”

“नक्कल. करून दाखव मना.”

मिनू नाही म्हणाली. कुंदा म्हणाली, “येवरी लांब आलीस ती कशाला मंग? दाखव.” तिच्या आवाजावरून ती रागावली आहे की काय ते मला कळेना. शेवटी मिनूने जमिनीकडे बघत, अगदी हळू आवाजात ते म्हटलं. थोडं सरकून घ्या, थोडा सरक जाओ, जरा खसो ने. ते लाकूड मांडीवर घे.

कुंदा तिच्याकडे बघतच राहिली. “ता लाकूड कोनाचा व्हता? गिटार कोनाकरं व्हती तुमच्यान?”

“माझ्याकडे.”

“वयनी,” कुंदाने आत हाक मारली, “भायेर ये. ती गिटारवाली आलीय.”

पिठाच्या हातांनी भावजय बाहेर आली. कुंदा उठली, तिने जवळा खाली ओतला, रिकामं सूप छातीशी आडवं धरलं, मान एका बाजूला कलती केली, आणि शहरी, नाजूक, लांबट आवाजात म्हणाली, “काका, हळू ना, गिटार आहे.”

मी थक्क झाले. ती आमची मिनूच होती. ‘ना’ लांबवायची तिची लकब, खांदा पुढे काढायची सवय, सगळं तिथे त्या अंगणात, एका मिठागराकाठच्या बाईच्या अंगात उभं होतं. मिनू तोंडावर हात ठेवून बसली.

“रोज,” कुंदा म्हणाली. “घरी आला का रोज ह्या सूप घेऊन नाचाचा. रस्त्यावर खड्डा आला का ही पोर बोलते, हळू ना, गिटार आहे. मंग आमचे घरान तेच चालू. मी चुलीवरून टोप उतरवला तरी बोलाचा, हळू, गिटार हाय. पोरीचे लग्नान भटजी मंगळसूत्र दिव लागला तवा पन बोलला मेला.” भावजय हसायला लागली, तिला ते लग्न आठवलं असावं. मग कुंदा हसली, मग मी. मिनू हसत होती आणि रडतही होती.

हसू ओसरल्यावर कुंदा पुन्हा बसली आणि सांडलेला जवळा सुपात भरायला लागली. “वरीस झाला ताई,” ती मला म्हणाली. “सगली येतान, शाल देतान, नि बोलतान, देवमानूस व्हता. शांत व्हता. कोनाला दुखवला न्हाय. मी ऐकते नि मना वाटते, ही कोनाचा सांगतान? माजा मानूस शांत न्हवता. सकालचा चाय थंड लागला तं दुपारपरत बोलाचा न्हाय. बाहेरच्यांना ओरडाचा, घरान येऊन त्यांच्या नकला कराचा. तो मानूस कोनाला म्हायतच न्हाय. मना वाटला, मीच इसरून जाईन.” तिने मिनूच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू पयली, जी माज्या मानसाचा बोललीस.”

मग मिनूने विचारलं, नाव ठेवू का? “ठेवाचाच,” कुंदा म्हणाली. “पन तिथं सगल्यांपुढं खरा बोलाचा. आनी नक्कल कराची.”

ही अट मिनूला इथे अंगणात खरं सांगण्यापेक्षा अवघड होती. चाळींतल्या ज्या लोकांनी वर्षभर या मुलांना डोक्यावर घेतलं, त्यांच्यासमोर, फोटोला हार घातलेला असताना, मेलेल्या माणसाची नक्कल. तरी तिने कुंदाला हो म्हटलं.

त्यानंतर आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी इतकी पातळ आणि मऊ की ज्वारीवर वाढलेल्या मला ती भाकरी म्हणायला जड गेलं. सोबत जवळ्याची चटणी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. बोंबलाला काटा जवळजवळ नसतोच. करलीने केलेला अपमान बोंबलाने भरून काढला, आणि मी न लाजता तिसरी भाकरी मागून घेतली. निघताना कुंदाने त्याच सुक्या जवळ्याची, म्हणजे सुकटीची, पुडी बांधून दिली. ती मी बॅगेत साड्यांच्या मधे ठेवली. पुढे अमरावतीच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या गृहस्थांनी नाशिकपर्यंतसुद्धा दम धरला नाही, जागा बदलून घेतली.

भाईंदर पश्चिम

कार्यक्रम संध्याकाळी होता, चाळींमधल्या मोकळ्या जागेत. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, मागे लोक जिन्यांवर, गॅलऱ्यांत. बॅनरवर बाळारामचा फोटो आणि खाली बँडचं नाव. शोभा आणि विलासराव माझ्या शेजारी. मिनूने त्यांना दुपारी सगळं सांगितलं होतं. शोभाने माझा हात धरून ठेवला होता आणि मधूनमधून दाबत होती. “लोक चिडले तर गं?” तिने विचारलं. मी म्हटलं, चिडतील तर चिडतील. पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. आमच्या गल्लीत कोणी वर्षश्राद्धाला नक्कल केली असती, तर त्या घराशी लोकांनी बोलणं टाकलं असतं.

आधी भाषणं झाली. ज्या कुटुंबांना लोकांनी घरात घेतलं होतं त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दोनच वाक्यं सांगितली, की त्या जोशांच्या घरात आठ महिने राहिल्या आणि एकदाही परकं वाटलं नाही. ते मला सगळ्यांत आवडलं. मग अध्यक्ष उठले. बाळाराम कसे देवमाणूस होते, किती शांत, किती सोशिक, हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. पहिल्या रांगेत कुंदा नव्या साडीत हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने एकदाही मान हलवली नाही.

मग मुलं स्टेजवर आली. फैजानने काड्या हातात घेतल्या, पण मिनूने हात वर करून त्याला थांबवलं आणि माइक ओढून घेतला.

“आमच्या नावाबद्दल एक सांगायचंय,” ती म्हणाली. “हे आम्ही काकांच्या आठवणीत नाही ठेवलं. ते होते तेव्हाच ठेवलं. ते आम्हाला रिक्षात ओरडायचे आणि आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. तुम्ही समजलात ते खरं नव्हतं, आणि आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. सॉरी.”

गॅलरीतून कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. अध्यक्ष अर्धवट उठले आणि कुंदाकडे बघून पुन्हा बसले. शोभाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

“काकींनी मला ती नक्कल करायला सांगितलंय,” मिनू म्हणाली, आणि तिने केली. पण कशी, तर पाहुण्यांना आत बोलवावं तशी, जपून, गोड आवाजात. थोडं सरकून घ्या, थोडा सरक जाओ, जरा खसो ने. कोणी हसलं नाही. मिनू नुसती माइक धरून उभी. इतकं वाईट मला त्या आठवड्यात कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रांगेतून कुंदाचा आवाज आला. “असा न्हाय गो. येवऱ्या प्रेमान तो कवा बोलला? चिडून बोल.”

मिनूने तिच्याकडे पाहिलं. मग तिने गिटार बाजूला केली, खांदे वर ओढले, मान मागे वळवली आणि पूर्ण ताकदीने ओरडली, “थोडं सरकून घ्या, थोडा सरक जाओ, जरा खसो ने! ते लाकूड मांडीवर घे!”

मागून एक बाई फिस्सकन हसली. मग जिन्यावरचा एक माणूस. मग त्या रिक्षातून कधी ना कधी गेलेले सगळेच, खुर्च्यांतले, गॅलऱ्यांतले, शेवटी अध्यक्षसुद्धा.

कुंदाने खुर्चीत पाठ टेकली. “हां,” ती म्हणाली. “आता आला.”